फिल्टरची काळी रुई

दिवाळी अंकवाल्यांनी मला सांगितलं, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा, वाचकांना माहिती मिळेल. मी लगेच हो म्हटलं आणि घरी येऊन डोक्याला हात लावून बसलो. माहिती माझ्याकडे पुष्कळ आहे. काचेच्या टाकीत मासा कसा जगवायचा, हे मी सगळी उमर लोकांना सांगत आलो. पण बहादरपूरच्या एका घरात मला असं काही विचारलं गेलं की तेव्हापासून माझ्या डोक्यात जो गोंधळ झाला, तो अजून निस्तरलेला नाही. तेव्हा माहितीच्या अपेक्षेनं वाचणाऱ्यांनी आधीच सावध व्हावं.

बुऱ्हाणपुरात माझं ॲक्वेरियमचं दुकान आहे. आता भाचा सगळं बघतो, मी खुर्चीत बसून न मागितलेले सल्ले देतो. दुकान नवं होतं तेव्हा आमच्या गल्लीतल्या लोकांनी नाकाला रुमाल लावून विचारपूस केली होती. इथले मासे खायचे नसतात, नुसते बघायचे असतात, हे पटवायला मला बराच काळ गेला. 'नुसते बघायचे? मग पैसे कशाचे?' असं एका शेजाऱ्यानं मनापासून विचारलं होतं. त्यालाही मला नीट उत्तर देता आलं नव्हतं.

या धंद्यात मासे विकणं सोपं. अवघड असतं ते फिल्टर लावून देणं, आणि त्यातही कॅनिस्टर फिल्टर. कॅनिस्टर म्हणजे टाकीखालच्या कपाटात ठेवायचा एक बंद डबा. एका नळीनं टाकीतलं पाणी डब्यात उतरतं, आत गाळलं जातं आणि मोटर ते दुसऱ्या नळीनं परत वर पाठवते. डब्याच्या आत जेवणाच्या डब्यासारखे एकावर एक खण असतात. कुठल्या खणात काय भरायचं, सगळी करामत त्यात आहे आणि लोकांची सगळी चूकही त्यातच होते.

आपल्याकडे गाळायचं म्हटलं की वरून ओतायचं आणि खालून घ्यायचं. चहा तसा, दूध तसं, माठाच्या तोंडाला बांधलेलं फडकं तसंच. कॅनिस्टरमध्ये पाणी आधी थेट तळाशी जातं आणि एकेक खण चढत वर येतं. म्हणून तळाला जाड स्पंज ठेवायचा, तो मोठी घाण अडवतो. त्यावर बारीक स्पंज. त्यावर पांढरी रुई. ही काही आपल्या शेतातली रुई नव्हे, बनावट धाग्यांची असते, पण कापसाच्या मुलखात तिला दुसरं कोण काय म्हणणार? स्पंजातून निसटलेला बारीक गाळ ती धरते. आणि सगळ्यात वर सिरॅमिकच्या रिंगा. दिसायला मॅक्रोनीसारख्या असतात, पण फिल्टरचा जीव त्यांच्यात असतो. त्यांच्या बारीक छिद्रांत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्ती करतात. मासे पाण्यात जी घाण करतात ती विष होऊन त्यांच्याच अंगावर उलटते, आणि हे जिवाणू ते विष खाऊन टाकतात. वस्ती बसायला महिना तरी लागतो. मोडायला नळाच्या क्लोरीनच्या पाण्याखाली एकदा खळखळून धुतलं की पुरे.

हे सगळं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडपाठ सांगायचो. लोक मान हलवायचे आणि घरी जाऊन स्वतःच्या मनाचं करायचे. एका साहेबांनी पाण्याचा वास शोषणाऱ्या कोळशाची पिशवी वरच्या प्लास्टिकच्या वेष्टनासकट डब्यात ठेवली होती आणि वर्षभर कोळशाला शिव्या घातल्या. एका पॉवरलूमवाल्या शेठच्या घरी हवेतच एवढा तंतू की रुई चार दिवसांत वाकळेसारखी व्हायची. आणि एक मास्तर होते, त्यांनी सगळा डबा उलटा भरला होता, रिंगा तळाला आणि जाड स्पंज वर. तो फिल्टर शास्त्राप्रमाणे बंद पडायला हवा होता. त्यांचे मासे इतके म्हातारे झाले की मास्तर रिटायर झाले तरी ते पोहतच होते. मी तो फिल्टर कधी उघडला नाही. याचा अर्थ मला लागलेला नाही आणि लावायला गेलो तर मासे मरतील अशी भीती वाटत आली.

आता बहादरपूरच्या प्रभाकाकींकडे वळतो. केळीचं शिवार, पक्कं घर, आणि एकुलता एक मुलगा गोपाल. गोपालनं स्वतःचा ट्रक घेतला होता आणि इथली केळी तो स्वतः चालवत दिल्लीकडे न्यायचा. काकींना कोणीतरी सांगितलं की घरात माशांची टाकी ठेवा, आठ सोनेरी आणि एक काळा. टाकी मोठी, मासे गोल्डफिश, म्हणजे घाण करण्यात पटाईत. म्हणून मी कॅनिस्टर घ्यायला लावला, स्वतः जाऊन खण भरून दिले आणि नेहमीची पोपटपंची करून परत आलो.

थोड्याच दिवसांत काकी दुकानात आल्या. एक सोनेरी मासा मेला होता, दुसरा हवा होता. फिल्टर मी लावलेला, तेव्हा बोलणी खायच्या तयारीनं मी उठून उभा राहिलो. पण काकी भांडायला आलेल्या नव्हत्या. त्यांनी माझ्यासाठी केळीची फणी आणली होती आणि चेहरा असा टवटवीत, की घरात काही मंगल कार्य झालं असावं. मी फणी घेतली, मासा दिला आणि काकी निघून गेल्यावर भाच्याकडे बघत बसलो. त्यालाही काही कळलं नव्हतं.

पुढे हे होतच राहिलं. मासा मेला की फणी यायची. काळा मेला तेव्हा तर काकींनी केळीसोबत दराबा, आमच्या बुऱ्हाणपूरची रव्या-तुपाची मिठाई, आणला. मेलेल्या माशाचं इतकं समाधान मी आजवर कोणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक खूश, मालही खपत होता, म्हणजे धंद्याच्या हिशेबानं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा फिल्टर लावलेल्या टाकीत मासे टिकत नाहीत, ही गोष्ट मला जेवू देईना. एके दिवशी मी न बोलावताच बहादरपूरला गेलो.

डबा उघडला आणि चक्रावलो. चार-सहा महिने चाललेला फिल्टर, पण आत स्पंज कोरा, रुई पांढरीशुभ्र आणि रिंगा आत्ताच खोक्यातून काढल्यासारख्या चकचकीत. चांगल्या चाललेल्या फिल्टरला तळ्याकाठच्या मातीसारखा वास येतो. याला सोड्याचा वास होता.

विचारलं तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडे घरातलं माणूस लांबच्या वाटेला लागलं की मागे लगेच केर काढत नाहीत, फरशी पुसत नाहीत, घाण पाणी बाहेर टाकत नाहीत. त्याच्या वाटेला ते बरं नाही म्हणतात. म्हणून गोपाल निघायच्या आदल्या दिवशी काकी सगळं घर धुऊन काढायच्या. फरशी, भांडी, पडदे, आणि त्याच ओघात हा डबाही. गरम पाणी, सोडा, आणि वर नळाची धार. एकेक रिंग त्या बोटांनी चोळायच्या. मी इतक्या मायेनं कधी कुठलाच फिल्टर धुतलेला नाही.

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. कोडं सुटलं होतं आणि चूक माझी नव्हती. मी काकींना जिवाणूंची वस्ती, विष, क्लोरीन सगळं समजावलं. रिंगांना हात लावायचा नाही, स्पंज पिळायचा तो टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात. एरवी मान हलवणाऱ्या लोकांची मला सवय, पण काकींनी एकेक शब्द ऐकला. शेवटी त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे मी धुते म्हणून मासा मरते?" मी म्हटलं, अगदी बरोबर. त्यांनी सोड्याचा डबा उचलून फळीवर ठेवून दिला. मला वाटलं, वाईट वाटलं असेल बिचारीला.

त्यानंतर मासे मरायचे थांबले. गोपालच्या खेपांवर खेपा झाल्या, टाकी भरलेली ती भरलेलीच. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट ऐकवायचो आणि स्वतःची पाठ थोपटून घ्यायचो. केळी यायची बंद झाली होती, तिकडे मात्र माझं लक्ष नव्हतं.

मग एक दिवस काकी आल्या, हात रिकामे. डोळे खोल गेलेले, चेहरा ओढलेला. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तू तो डबा पहिल्यासारखा करून दे." मला वाटलं त्या थट्टा करताहेत. त्या थट्टा करत नव्हत्या. मग हळूहळू त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला पहिल्या फणीपासूनचा सगळा अर्थ लागला. टाकी ठेवायला सांगणाऱ्यानं त्यांना बजावलं होतं की घरावर येणारं संकट मासा स्वतःच्या अंगावर घेतो आणि मरतो. गोपाल रस्त्यावर असला की त्यांचा जीव टांगणीला लागायचा. मासा मेला की त्या समजायच्या, टळलं. त्या रात्री त्यांना झोप लागायची.

"आता एक बी मासा मरत नाही," काकी म्हणाल्या. "मग जे गोपालवर येणार होतं, ते कुठं जाऊन राह्यलं?"

हे हसण्यावारी न्यायची सोय नव्हती. कारण आदल्याच खेपेत गोपालच्या ट्रकचं टायर फुटून गाडी दुभाजकावर चढली होती. फार लागलं नव्हतं, कोपर सोलपटलं होतं एवढंच. पण असं पहिल्यांदाच झालं होतं, आणि तेही मी फिल्टर सुधारल्यानंतर. टायरचा आणि जिवाणूंचा काही संबंध नाही हे मला पक्कं माहीत आहे. तरी काकी समोर बसल्या होत्या तेव्हा मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटत होतं.

मी आपला मुद्दा पुन्हा मांडून पाहिला. काकी, मासा तुमच्या धुण्यामुळे मरतो, संकटानं नाही. त्यावर काकी शांतपणे म्हणाल्या, "ते मले समजलं ना. मी धुते, मासा मरते, गोपाल घरी येते. आता मी धूत नाही, मासा मरत नाही, अन् गोपालचं काय झालं तू पाह्यलंच." मी त्यांच्या बोलण्यात फट शोधत राहिलो. माझ्या साखळीत जेवढ्या कड्या होत्या तेवढ्याच त्यांच्या साखळीत होत्या, आणि शिवाय त्यांच्याकडे पुरावा होता. मी त्यांना पाणी दिलं आणि स्वतःही प्यायलो.

दुसऱ्या दिवशी गोपाल भेटायला आला. तो हसतच म्हणाला, "काका, लगा दो ना पुराने जैसा. मासा तं मी दुसरा आणून देईन." मी म्हटलं, अरे, मासे जगवणं हा माझा धंदा आहे, मुद्दाम मारणार कसा? तेव्हा त्याचं हसू मावळलं. तो म्हणाला, आई झोपत नाही, जेवत नाही. तो रस्त्यावर असला की तिचा घडोघडी फोन येतो, उचलला नाही की ती रडते, म्हणून तो गाडी चालवता चालवता उचलतो. टायर फुटलं तेव्हाही फोन कानाला होता. हे त्यानं आईला सांगितलेलं नव्हतं.

आता मी काय करावं? मासा जगवला तर पोरगा फोनपायी जायचा, आणि मासा मारला तर आई निवांत झोपायची. शास्त्र माझ्या बाजूचं होतं आणि माणसं सगळी दुसऱ्या बाजूला होती. मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, एका माशानं काय बिघडतं? बिघडत काहीच नव्हतं. पण ते मासे माझ्या दुकानातून गेलेले, माझ्या फिल्टरवर वाढलेले, मी टाकीजवळ गेलो की काचेला तोंड लावणारे. गोपाल परत निघायच्या आदल्या दिवशी मी हत्यारांची पिशवी घेऊन बहादरपूरला गेलो, तेव्हा मी काय करणार आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

काकींनी गरम पाणी काढून ठेवलं होतं. सोड्याचा डबा शेजारी. गोपाल दारात उभा. मी नळ्या बंद केल्या, मोटर उचलली, रिंगांचा खण काढून बाजूला ठेवला आणि खालची रुई बाहेर ओढली.

ती काळीभोर निघाली. जडशीळ, बुळबुळीत, गाळ ठिबकणारी. माझ्या दृष्टीनं त्यात विशेष काही नव्हतं, काही महिने न बदललेली रुई अशीच असते. पण काकींनी आजवर ती दर खेपेला धुतलेली, त्यांनी ती कधी पांढऱ्याशिवाय पाहिलीच नव्हती. त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि हे काय म्हणून त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "काकी, माशांच्या अंगावर जायचं ते इथं अडलं."

मला घाण म्हणायचं होतं. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, कुजलेलं शेवाळ. तेवढंच म्हणायचं होतं, असं मी त्यानंतर कित्येकदा स्वतःला सांगितलं आहे. काकी पुन्हा पुढे आल्या आणि त्यांनी वाकून ती रुई नीट बघितली. मग त्यांनी विचारलं, "सगळं यातच?"

इथे मी खरं म्हणजे सांगायला हवं होतं की नाही, रुई फक्त गाळ धरते, विषाचं काम रिंगांकडे असतं. माझ्या तोंडून आलं, "सगळं."

काकींनी पदर खोचला, ती रुई उचलली आणि गोपालसमोर उभ्या राहून त्याच्यावरून उतरवली. काळं पाणी त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर ठिबकत होतं, पण तो हलला नाही. मग काकी कोणाशी न बोलता चौफुलीवर गेल्या, तिथे ती टाकली आणि मागे न बघता परत आल्या. येऊन पाय धुतले. तोवर मी स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळला होता, नवी रुई घातली होती, रिंगा जशाच्या तशा बसवल्या होत्या. काकींनी गरम पाणी मोरीत ओतून दिलं. गोपाल गेला आणि सुखरूप परत आला. मासेही सगळे जगले. दोन दिवसांनी माझ्या दुकानात केळीचा अख्खा घड आला.

ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. बहादरपूर झालं, मग शाहपूर, मग तुकईथडपर्यंतचे लोक येऊन 'ती उतरवायची रुई' मागायला लागले. मी सांगायचो, ही साधीच रुई आहे हो. ते डोळे मिचकावायचे, जणू मी धंद्याचं गुपित लपवतोय. रुई वेळेवर बदला म्हणून मी घसा कोरडा करत आलो होतो, तेव्हा कोणी ऐकलं नाही. आता घरातलं कोणी परगावी निघालं की फिल्टर उघडतो, रुई बदलली जाते, रिंगांना कोणी हात लावत नाही. आमच्या भागातल्या टाक्यांइतक्या निरोगी टाक्या मी दुसरीकडे पाहिलेल्या नाहीत. चौफुलीवर मात्र बनावट धाग्यांचे काळे बोळे पडलेले दिसतात आणि सफाईवाल्या बाईंना मला तोंड द्यावं लागतं. मी लोकांना फिल्टर शिकवला की त्यांच्या डोक्यात आणखी एक खूळ भरलं, याचा निवाडा मला करता आलेला नाही. भाचा म्हणतो, मामा, जास्त विचार करू नका.

गेल्या हिवाळ्यात माझ्या छातीत दुखायला लागलं. इथल्या डॉक्टरांनी इंदूरला जाऊन तपासणी करून घ्या म्हणून सांगितलं, उशीर करू नका असंही म्हणाले. गोपाल म्हणाला, काका, गाडी मी चालवतो. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी प्रभाकाकी दुकानात आल्या. माझ्या खुर्चीशेजारी जी मोठी टाकी आहे तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, उघड.

मी त्यांना समजावलं. काकी, हा दुकानाचा फिल्टर आहे, याची रुई मी परवाच बदलली आहे, आत काही नसणार. काकी स्टुलावर बसून राहिल्या. मी उघडायला बसलो. क्लिपा सोडल्या, आणि खरं सांगतो, ती रुई काळी निघावी असं मला वाटत होतं. आयुष्यभर लोकांना जिवाणू आणि क्लोरीन शिकवलेला मी माणूस, डब्यात हात घालून देवाला म्हणत होतो की काळी निघू दे.

पांढरी निघाली. परवाच बदललेली, ती दुसरी कशी निघणार? माझा चेहरा पडला असावा. भाचा दुसरीकडे बघायला लागला.

काकींनी रुई माझ्या हातातून घेतली. दिव्याखाली नेऊन उलटी केली, सुलटी केली, कडा चाचपल्या, डोळ्यांजवळ नेली. मग एका कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे पाह्य. आहे ना. थोडंच होतं तुझं."

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मला ती रुई पांढरीच दिसत होती. तरी काकींना ती माझ्यावरून उतरवता यावी म्हणून मी खुर्चीत बसल्या बसल्या मान खाली घातली.